शाईविना उभं राहिलेलं चर्च

पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढल्यावर झेनोविया मेल्निचुकने स्वतःचं पुस्तक लिहिलं. डोंगरातल्या तिच्या गावच्या गोष्टी आणि लिनोलियमवर कोरलेली चोवीस चित्रं. लव्हीवच्या कलामंडळाने तेवीस पास केली. नववं अडलं. त्यात रेघारेघांच्या करड्या आभाळात गावचं लाकडी चर्च काळंभोर उभं होतं, आणि ते तर सोव्हिएत सरकारने दहा वर्षांपूर्वीच पाडलं होतं.

"जे नाही ते दाखवायचं कशाला?" कॉम्रेड शपाक म्हणाला. हा गृहस्थ सॉसेजच्या कारखान्यातून थेट कलामंडळावर आलेला. त्याने सहीशिक्क्यानिशी हुकूम काढला: चर्च कोरून काढावं, त्या जागी शाईचा ठिपकाही दिसू नये. नाहीतर पुस्तक रद्द.

झेनोवियाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारी आई त्या एका पानासाठी डोळे लावून बसली होती. संतापात तिने हुकूम पुन्हा वाचला, मग आणखी एकदा वाचला, आणि खुदकन हसली. कोरणी घेऊन तिने चर्च कळसापासून पायरीपर्यंत इमानेइतबारे कोरून काढलं.

छापखान्यातल्या म्हाताऱ्या तादेयला सगळे वुइको, म्हणजे मामा म्हणत. त्याने शाईचा रूळ फिरवला, कागद दाबून उचलला आणि मटकन स्टुलावर बसला. कोरलेल्या जागी शाई लागतच नाही. करड्या आभाळात चर्च पांढरंशुभ्र झळकत होतं.

"पोरी, मला तुरुंगात पाठवतेस की काय?"

"वुइको, आपण हुकूम पाळलाय. अक्षर न् अक्षर!"

मंडळाच्या कचेरीत शपाकने कागद खिडकीशी नेला, बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं.

"हे काय आहे?"

"काही नाही, कॉम्रेड. तुम्ही काढायला सांगितलंत, मी काढलं."

त्याचे कान लाल झाले. तक्रार करावी, तर वरचे आधी त्याचाच हुकूम मागणार. त्याने सही ठोकली.

शरदात पुस्तक गावी पोचलं. आईभोवती शेजारणी दाटल्या. नववं पान उघडताच सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एक तर हमसून रडू लागली. आईने मात्र पान डोळ्यांशी नेलं.

"झेन्यू, आपलं चर्च धुराने काळंकुट्ट होतं गं. याला पांढरं कुणी केलं?"

"कॉम्रेड शपाकने, ममो."

"देव त्याचं भलं करो," म्हातारी म्हणाली. "रविवारी त्याच्याही नावाने मेणबत्ती लावू."