सतरा मेंढ्यांच्या आया

होटगीजवळच्या मेंढी पैदास केंद्रात चिंतामणी देशपांडे बत्तीस वर्षं कारकून होते, आणि त्यांतली सत्तावीस वर्षं ते संगणकाच्या एका काळ्या पडद्याकडे बघत आले होते. त्यावर इंग्रजी आज्ञा टाईप केली की कुठल्याही मेंढीची आई, आजी, बाप हजर व्हायचे. निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना वरून पत्र आलं: डेटाबेस चित्ररूपात दाखवणारं एखादं टूल निवडून सगळं नव्या लिपिकेच्या हवाली करावं, न जमल्यास बाहेरची कंपनी नव्याने नोंदी सुरू करेल. म्हणजे सत्तावीस वर्षांची वंशावळ रद्दीत.

नवी लिपिका चेतना तीन टूल्स उतरवून बसली होती. पहिलं उघडताच पडद्यावर सात सुबक चौकोन आले: मेंढ्या, कळप, मालक वगैरे. लग्नात रुसलेल्या पाहुण्यांसारखे लांब लांब.

"सर, यांना जोडणारी एकही रेघ नाही."

"रेघा कशाला? कोण कुणाचं ते मला माहितीय की."

"मशीनला कधी सांगितलंच नाही?"

"त्यानं विचारलं नाही."

खरंच होतं ते. पैदाशीचा नर बदलायच्या दिवसांत धनगर यायचे. नर त्याच्याच लेकींच्या कळपात जाऊ नये म्हणून व्हरांड्यात बसून तोंडी वंश सांगायचे, चिंतामणी लिहून घ्यायचे. प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकायचा आणि धनगर तो न वाचताच पटक्यात खोचायचा. वरिष्ठ कार्यालयात कागद वाचत असत. चिंतामणींना पटक्यात खोचणारे जास्त आवडायचे.

दुसऱ्या टूलमध्ये रेघा ओढता आल्या, रंगवताही आल्या. पण त्या चित्रापुरत्याच, आतल्या नोंदींना त्यांचा पत्ता नव्हता. तिसरं दिसायला राखाडी, ओबडधोबड. त्यात रेघ ओढली की नातं डेटाबेसमध्येच पक्कं होणार होतं. चेतनाने 'आईचा नंबर' या रकान्यातून 'मेंढी नंबर'पर्यंत रेघ ओढली. लाल अक्षरांत नकार आला. तिने शोधून काढलं: सतरा मेंढ्यांच्या आयांची मेंढ्यांच्या तक्त्यात नोंदच नव्हती. आईच्या रकान्यात होते नुसते नंबर, ९०१ ते ९१७.

चिंतामणींनी चष्मा पुसला. "हे नंबर माझेच, मनाने टाकलेले. बिरुदेव धनगराचा कळप आला त्या दिवशी वीज जाणार होती. म्हटलं, आत्ता काहीतरी टाकू, आया नंतर भरू."

"कधी?"

"दोन हजार तीन साली."

त्यांनी बिरुदेवाला फोन लावला. तो करमाळ्याकडे कुठल्याशा रानात होता.

"बिरुदेव, ती बांडी मेंढी, डाव्या कानाला चीर होती, तिची आई कोण?"

"काळ्या तोंडाची की, साहेब! माळशिरसात घेतल्याली. लई दूध द्यायची. पर आत्ता का इचारताय? मरून ईस वर्सं झाली तिला."

"लिहायची राहिली होती."

"मग ल्हिवा. दुसरीची सांगू?"

सतराही आया त्याला तोंडपाठ होत्या. मधूनमधून फोन बाजूला धरून तो मेंढरांना हाळी देत होता. चिंतामणींनी त्या काळ्या पडद्यावरच एकेक भरल्या. चेतनाने पुन्हा रेघ ओढली. टिकली.

फाईलवर त्यांनी शेरा लिहिला: 'पहिली दोन टूल्स आमचं निमूट ऐकतात. तिसरं अडवतं. तिसरं घ्यावं.' सही करून खाली हुद्दा लिहिला. तो अजून आठ दिवस खरा होता.