हक्कसोडीचा तास

विधी महाविद्यालयात मी लोकहिताची वकिली शिकवते. वकिलाची फी परवडत नाही अशांची बाजू कशी घ्यायची, हा विषय. बहुतेक मुलं शेवटी हिंजवडीतल्या कंपन्यांत करार तपासायला जातात आणि दिवाळीला मला मेसेज पाठवतात. मला त्याचं काही वाटत नाही. गेल्या वर्षी आबा, माझे वडील, गेले; तेव्हापासून कशाचंच फारसं वाटत नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसल्यासारखा, तसं चाललं आहे.

माझ्या विषयात पुस्तक कमी आणि सोंग जास्त. मी अशील होते, विद्यार्थी वकील होऊन समोर बसतात. नियम दोनच. 'सही केलीच कशाला?' असं अशिलाला विचारायचं नाही. आणि 'तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?' हे विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. दुसरा नियम सहसा कुणाला जमत नाही. वकिलानं गप्प बसायचं, तेही पुण्यात, म्हणजे जरा जास्तच मागणं झालं.

माझं ठरलेलं सोंग हक्कसोडीचं. भाऊ जमीन बिल्डरला देतोय. कायद्यानं बहिणीचाही वाटा आहे, पण तिनं तो सोडल्याच्या कागदावर सही करावी असं भावाचं म्हणणं. आपल्याकडे बहिणी करतात सही. माहेर तुटू नये म्हणून करतात, भाऊबीजेला ओवाळायला दार उघडं राहावं म्हणून करतात. हे सोंग मी इतकी वर्षं केलंय की 'माझा भाऊ आहे हो तो' या वाक्याला डोळ्यांत आपोआप पाणी येतं. मुली नाक पुसतात. मी तास संपला की चहा घेते.

त्या सोमवारी तासाला जायच्या आधी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. माझं माहेर पुण्याला लागूनच, धायरीचं. आबांच्या जमिनीतला रस्त्यालगतचा शेवटचा तुकडा तेवढा विकायचा राहिला होता.

"ताई, बुधवारी रजिस्ट्रेशनला जायचं हाय. तुझी सही तेवढी राहिलीय."

"बरं."

"जेवायलाच ये. घरात शेंगोळी करायला सांगतो."

"बरं," मी म्हटलं आणि वर्गात गेले. राग आला नव्हता, वाईटही वाटलं नव्हतं. बुधवारी दुसरा तास कुणाला देता येईल, एवढाच विचार डोक्यात होता.

समोर यवतमाळकडची मुलगी बसली. अख्ख्या वर्गात हे काम खरोखर करायचं आहे ते तिलाच. हिंजवडीची नोकरी नाकारून तिनं घरच्यांचा अबोला ओढवून घेतला आहे; परत जाऊन तिकडच्या बायकांच्या केसेस लढवायच्या म्हणते.

मी सुरुवात केली. बिल्डर, जमीन, कागद. मग म्हटलं, "माझा भाऊ आहे हो तो." पाणी आलं नाही. वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. कोरडंच. वर्गाला वाटलं, मॅडम पुढचं विसरल्या.

तिनं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय?"

सोंगातलं उत्तर ठरलेलं आहे: मला माझा वाटा हवाय. ते तोंडातून निघेना. ती थांबली. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, कुणी हसलं. ती थांबूनच राहिली.

"मला तिथं जेवायला जायचंय," मी म्हटलं. "कुणी बोलावलं नाही तरी. आबा होते तेव्हा जायचे तसं."

सोंगातल्या बाईच्या गोष्टीत आबा नाहीत. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचं ती अगदी हळू बोलली.

"सही केली की तसं जाता येईल, असं त्या कागदात कुठं लिहिलंय का?"

छातीत काहीतरी दुखलं. कित्येक महिन्यांनी दुखलं, म्हणून जरा बरंही वाटलं.

"नाही," मी म्हटलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "प्रश्न असा विचारायचा असतो. घ्या लिहून." मुलांनी लिहून घेतलं.

वर्ग रिकामा झाल्यावर तिथंच बसून भावाला फोन लावला. "सही करणार नाही. पण बुधवारी जेवायला येते."

उत्तर येईपर्यंत गप्प बसायची मला सवय आहे. मागे कुकरची शिट्टी झाली. भावजयीनं कुणाला तरी हाक मारली.

"मग ऱ्हाऊ दे बुधवारचं," तो म्हणाला. "शेंगोळी काय, परत कधीबी होतील."

त्यानं फोन ठेवला. पाणी तेव्हा आलं, आणि वर्गात बघायला कुणी नव्हतं.