मोहिनीना बाबा कोण?

पिंप्राळ्यात कुणाची स्कूटीची चावी हरवली, तरी हाक पुनमला जाते. "पुनम, जरा शोध ना गं, तू तर कॉम्प्युटरवाली!" चावीचा आणि कॉम्प्युटरचा संबंध काय, हे पुनमही विचारत नाही. वकील हेमांगी मॅडमच्या ऑफिसात ती पक्षकारांचे मेल, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा कॉम्प्युटरात भरते आणि हवा तो निरोप चुटकीसरशी काढून देते. एंटर दाबण्याआधी बोटांवर फुंकर मारायची, कॅरमचा स्ट्रायकर मारावा तशी. आणि वर म्हणायचं, "मिळालंच समजा."

धरणगावकडच्या मंजुळाबाईंची केस आली आणि फुंकर वाया गेली.

मंजुळाबाईंच्या कपाशीला पाणी येतं ते जेठाच्या, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ प्रेमराज आबा यांच्या, शेतात पुरलेल्या पाइपातून. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून दोन्ही घरांची जुंपली आणि आबा कोर्टात गेले. पाइप न विचारता टाकलाय, उपटून द्या! मंजुळाबाई म्हणत होत्या, आबांनी फोनवर लिहून परवानगी दिली होती. ती सापडली नाही, तर ऐन बोंडं धरायच्या वेळी कपाशी वाळणार.

"उद्या तारीख आहे. मला तो मेसेज हवा. क्लिअर?" जळगाव-धुळे एसटी जशी फाट्याफाट्याला थांबते, तशा मॅडम वाक्यावाक्याला 'क्लिअर'ला थांबतात.

पुनमने मंजुळाबाईंचा फोन कॉम्प्युटरात उतरवला आणि 'प्रेमराज' टाकलं. काही नाही. 'पाइप' टाकलं, तर गाव लोटलं: ठिबकवाला, मोटारवाला, माहेरचा भाऊ, त्याचा साला.

"काकू, आबांचा नंबर कुठल्या नावाने ठेवलाय?"

मंजुळाबाईंनी पदर पुढे ओढला. "अगं माय! जेठनं नाव कोनी लेस का?"

"तोंडाने नका घेऊ. पण फोनमध्ये तरी?"

"फोन कोना शे? मनाच ना!"

"बरं, काकांचा कसा ठेवलाय?"

"धनीनं तर मुळीच नही!" काका फोनमध्ये नुसते 'घरना' होते.

पुनमने कपाळावर हात मारला. "मग घरात आबांना म्हणता तरी काय?"

"मोहिनीना बाबा." मोहिनी म्हणजे आबांची लेक.

फुंकर. एंटर. पडदाभर गुलाब उमलले. शुभ सकाळ, मंगल प्रभात, सूर्य, कमळ, पुन्हा गुलाब. आबा रोज पाठवत होते. दावा दाखल केला त्या सकाळीसुद्धा टपोरा लाल गुलाब! आणि दोन गुलाबांच्या मध्ये चेपून बसलेलं वाक्य: 'पाइप टाकी ल्या. मनी हरकत नही.'

"मिळालंच!" पुनम अशी ओरडली की मॅडमचा चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी मेसेजची प्रिंट आणि ती फोनमधूनच काढल्याचं प्रमाणपत्र कोर्टापुढे गेलं. आबांचे वकील घसा खाकरून उठले. त्यांचा आवाज लग्नातल्या बँडच्या ट्रम्पेटसारखा. "साहेब, हे मोहिनीना बाबा कोण? खानदेशात मोहिनी काय एकच आहे? सिमही आमच्या अशिलाच्या नावावर नाही!" सिम भाच्याच्या नावावर होतं, ते आबांनी वकिलांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

जज्जसाहेबांनी मंजुळाबाईंना विचारलं, "बाई, हा मेसेज कुणी पाठवला? नाव सांगा."

मंजुळाबाईंनी पदराचं टोक चावलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. मॅडम कुजबुजल्या, "काकू, एकदाच घ्या नाव. क्लिअर?" मागच्या बाकावर पुनम बोटांवर फुंकर मारत होती, पण दाबायला एंटर नव्हता.

"साहेब, नाव तं मी लेवाव नही," मंजुळाबाई म्हणाल्या. "बलाईसन दाखाडू का?"

साहेब "म्हणजे?" म्हणेपर्यंत त्यांनी पदराआडून, बांधावरून शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचवायची ती हाळी घातली, "ओ मोहिनीना बाबाऽऽऽ!"

तिसऱ्या बाकावर प्रेमराज आबा टोपी सावरत अर्धे उठले. "काय शे व माय? जेवण तयार शे का?"

पट्टेवाल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, मग लिहून घेतलं. आबांच्या वकिलांनी बाही ओढून आबांना खाली बसवलं. पाइपाला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

परतताना मंजुळाबाई आणि आबा एकाच रिक्षात होते, कारण गावाकडे निघालेली रिक्षा तेवढी एकच.

सकाळी मंजुळाबाईंच्या फोनवर गुलाब आला. या वेळी पिवळा.