सात हिरव्यांची गोधडी

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन कामं चालू होती. आई माझ्यासाठी गोधडी शिवत होती आणि बाबा दादाशी बोलत नव्हते. दोघंही आपापलं काम नेटानं करत होते.

बाबा मालगाडीवर गार्ड होते. नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी, समोर, मागे सगळे रेल्वेवालेच, त्यामुळे दादा रेल्वेत लागणार हे तो चालायला लागला तेव्हाच ठरलं होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. लेखी परीक्षा तो पास झाला. मग दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्यापुढं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात, ते वाचायचे. दादाला पहिल्या पानावर बारा दिसला आणि पुढच्या पानांवर नुसते ठिपके. लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं.

बाबांचा त्यावर विश्वास बसला नाही. दादा रोज सकाळी सदरमधल्या एका फोटो स्टुडिओत बिनपगारी जाऊन बसायचा आणि मला रेल्वे नको, असं एकदा जेवताना बोलून गेला होता. बाबांनी या दोन गोष्टींना तिसरी जोडली. पोरानं मुद्दाम चुकीचं सांगितलं, हा त्यांचा निकाल.

“टमाटे ओळखते, पालक ओळखते, अन् लाल-हिरवं ओळखत नाही म्हणते,” ते आईला म्हणाले. “कोणाले शिकवून राहिला हा?”

“बाबा, मले खरंच नाही दिसत,” दादा म्हणाला.

बाबांनी आईला सांगितलं, “त्याले सांग, मले खोटं चालत नाही.” तिथपासून चार महिने ते त्याच्याशी आईमार्फत बोलले. “त्याले सांग, माठ भर.” दादा तीन हातांवर बसलेला असे. आई सांगे, “माठ भर गा.” दादा भरायचा.

खरं म्हणजे तो टमाटेही ओळखत नव्हता. बाजारातून कायम अर्धे कच्चे आणायचा. शाळेत असताना त्यानं झाडाचं खोड हिरवं रंगवलं होतं आणि त्याबद्दल छडी खाल्ली होती. आमच्या घरी याला ‘लक्ष नसणं’ म्हणत. मीही म्हणत होते, आणि अंमळ जास्तच मोठ्यानं.

गोधडीचं असं, की नवरीबरोबर हिरवंच जायला हवं हे आईनं धरून ठेवलं होतं. त्यातही साधी गोधडी नको. मधोमध एकच मोठं फूल, आत सर्वांत गडद हिरवा, आणि बाहेर येता येता फिका होत शेवटची ओळ पांढऱ्याला टेकलेली. पाकळ्यांच्या सात ओळी, सात हिरवे. ही कल्पना तिच्या डोक्यात कुठून आली ते तिनं सांगितलं नाही आणि तिला विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

कापडाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे हळदीकुंकू असो, बारसं असो, नाहीतर पाहुणी नुसती घरी जायला निघालेली असो, ओटीत ब्लाऊजपीस घालतात. त्याचा ब्लाऊज कोणी शिवत नाही. तो पेटीत ठेवायचा आणि पुढच्या बाईच्या ओटीत घालायचा. आम्ही नागपुरातल्याच महाल भागात एकीला दिलेला एक पोपटी तुकडा चार वर्षांनी गोंदियाहून आमच्याकडे परत आला होता. कोपऱ्यातल्या शाईच्या डागावरून आईनं त्याला ओळखलं आणि घडी घालून पुन्हा पेटीत ठेवलं. अशा पेटीत हिरव्यांचा तोटा नसतो. आईनं सगळे हिरवे काढले आणि त्यांना कात्री लावली. शेजारणी हळहळल्या. एवढे तुकडे एकदम बाद झाले तर ओट्या कशानं भरायच्या, ही त्यांची काळजी रास्त होती.

पाकळीचं माप म्हणून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला. जुन्या धोतराच्या पांढऱ्या पटावर पाकळ्या मांडायच्या, टाचायच्या, मग शिवायच्या. पंखा लावला की पाकळ्या उडत, म्हणून पंखा बंद. नागपूरचा मे महिना, पंखा बंद आणि समोर आई. माझ्या लग्नातलं सर्वांत अवघड काम मी लग्नाआधीच उरकलं, असं मी अजून म्हणते.

फूल काही जमेना. आम्ही दोघी नावावर जात होतो. मेंदी आधी की शेवाळी आधी, पोपटी फिका की कैरीचा फिका. आई म्हणे शेवाळी गडद, मी म्हणे मेंदी. प्रत्येक तुकडा हातात घेतला की बरोबर वाटायचा, आणि उठून दारातून पाहिलं की फुलाच्या जागी किडलेली कोबी दिसायची. तीनदा मांडलं, तीनदा उसवलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. गोधडीसाठी आलं की घरातल्या त्या मौनासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा दारात पेपर वाचत बसलेला दादा म्हणाला, “तिसऱ्या ओळीतली ती डाव्या हातची काढ. ती काळी आहे.”

“काळी नाही, मेंदी आहे,” मी फणकारले.

“असंल. पण पहिल्या ओळीची आहे.”

काढून पहिल्या ओळीत ठेवली. तिथं ती बसली. मग तो पेपर ठेवून आमच्याजवळ येऊन बसला आणि त्या दुपारी त्यानं सगळं फूल लावलं. नाव एकाचंही घेतलं नाही. ही गडद, ही तिच्याहून थोडी उजळ, ही अजून उजळ, एवढंच. आम्हाला ज्या रंगांनी चकवलं होतं ते त्याच्या वाटेतच येत नव्हते. दारात जाऊन पाहिलं तर फूल आतून बाहेर असं उमललेलं, की मी माझ्या भावाला प्रथमच ‘छान’ म्हटलं. तो म्हणाला, “तुले आज बरं नाही वाटत का वं?”

आईनं हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि पाणी मागितलं.

चार दिवसांनी ते दुपारी ड्यूटीवरून आले. आम्ही पाचवी ओळ शिवत होतो. त्यांनी चपला काढल्या, गार्डची पेटी उघडली आणि तिच्यातून एक पाकळी काढली. त्यांनी स्वतः कापलेली होती, कडा दातऱ्या झालेल्या. बाद झालेल्या झेंडीचं कापड होतं ते. रेल्वेची पेन्सिलसुद्धा घरात न आणणारे आमचे बाबा. चौथ्या ओळीत एक पाकळी कमी पडली होती, ती जागा मी अजून भरली नव्हती. त्यांनी पाकळी दादापुढं धरली.

“ही कुठं बसते?”

चार महिन्यांत ते त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द. दादा इतका खूश झाला की पाकळी घेताना उठूनच उभा राहिला. त्यानं ती उजेडात नेली, नीट पाहिली, परत येऊन चौथ्या ओळीतल्या त्या रिकाम्या जागी ठेवली. अंगठ्यानं सुरकुती काढली.

“इथं. थोडी उजळ आहे, पण चालते.”

पाकळी लाल होती. नवीन कुंकवासारखी लाल, सगळ्या हिरव्यांच्या मधोमध. मी तोंड उघडलं तर आईनं माझा हात इतक्या जोरात दाबला की सुई बोटात गेली.

दादानं आमच्याकडे पाहिलं. “काय झालं? चुकलं का?”

“नाही,” बाबा म्हणाले. ते भिंतीला टेकून खाली बसले. युनिफॉर्मसकट, जमिनीवर. त्या पाकळीकडे पाहत म्हणाले, “लाल आहे गा ते.”

दादानं पाकळी उचलायला हात पुढं केला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तू मले काहून सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं, बाबा.”

मला बाबांचा तेव्हा भयंकर राग आला. पोराची परीक्षा घ्यायची तर विचारून घ्यावी, बहिणीच्या गोधडीवर फसवून नाही. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्याच वेळी हेही दिसत होतं, की त्यांना दादाच्या तोंडाकडे पाहता येत नव्हतं, आणि एवढा मोठा माणूस असा कुठं पाहावं ते न कळल्यासारखा बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

आई हळूच म्हणाली, “अहो, काढते ती. सासरचे लोक काय म्हणतील?”

“शिव,” बाबा म्हणाले. “त्यानं ठेवली तिथंच शिव.”

आईनं शिवली. दादानं सुईत दोरा ओवून दिला. बाबा उठेपर्यंत कोणी उठलं नाही.

लग्नानंतर रामटेकला सासरी गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावून माहेरहून आलेल्या वस्तू मांडल्या. गोधडी उलगडली. बायकांनी सात हिरवे बोटांनी मोजले, वाहवा केली. मग सासूबाईंचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं.

“सारं हिरवं, अन् ही एकच लाल कशी लागली? कोणाची चूक आहे वं ही?”

“माझ्या बाबांची,” मी म्हटलं.