लोगन्स बीचवरचा नारळ

पद्मा वर्तक मेलबर्नपासून तीन-चार तासांवरच्या वॉर्नंबूलला आली तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती, आणि त्या गावात तिला कुणी काही विचारत नव्हतं. नवरा चारुदत्त दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर, सकाळी डबा घेऊन निघून जायचा. मुलगी नुपूर मेलबर्नला, क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत. उरलेला दिवस आणि उरलेला समुद्र पद्माच्या वाट्याला. ती मूळची रेवदंड्याची, समुद्र काही तिला नवा नव्हता. पण रेवदंड्याला खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो, डोळ्यांना टेकायला जागा असते. इथे पलीकडे काहीच नव्हतं. करडं पाणी, सरळ दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत.

दोन हिवाळे तिने ते पाणी खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे पंच्याण्णव साली, वाचनालयातल्या फळ्यावर एक कागद दिसला. लोगन्स बीचवर देवमासे बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायला माणसं हवी होती. पगार नव्हता. तिने नाव दिलं.

शिकवणारा लॉरी हा निवृत्त शाळामास्तर होता. वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा वाकत नसे. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला पद्माची जीभ रेटेना. ती त्याला ‘एक्सक्यूज मी’ म्हणायची. तो तिला पहिल्या दिवसापासून ‘पॅड’ म्हणायला लागला.

त्याने तिला सगळा मुलूख दाखवला. टॉवर हिलचा विझलेला ज्वालामुखी, त्याच्या पोटात हिंडणारे आणि माणसांच्या डब्यात चोच घालणारे एमू. जहाजं फुटली ते कडे. बुडालेल्या जहाजातून पेटीसकट किनाऱ्याला लागलेला, जवळजवळ टवकाही न उडालेला चिनी मातीचा भलामोठा मोर. आणि लाकडी मचाणावरून देवमाशीण ओळखायची कशी, तेही. डोक्यावरच्या पांढऱ्या गाठींची ठेवण प्रत्येकीची वेगळी. शेजारी पाण्यातच पहुडलेलं पिल्लू.

मचाणावर नियम एकच होता, पण कडक. या पाण्यात कुणी काही टाकायचं नाही, सफरचंदाचा गाभासुद्धा नाही. पद्मा तो नियम येणाऱ्याजाणाऱ्याला पाढ्यासारखा म्हणून दाखवायची. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिला गाईडचं हिरवं जॅकेट मिळणार होतं. चारुदत्तपुढे ती त्याबद्दल बोलत नसे, पण आत काय घालायचं, स्वेटर की थर्मल, हे तिने मनात ठरवून टाकलं होतं.

दहा ऑगस्टला, गुरुवारी, नारळी पौर्णिमा होती. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेला शेंडीवाला नारळ तिने आठवडाभर फ्रिजवर ठेवला होता. सकाळी चारुदत्त कामावर गेल्यावर ती लोगन्स बीचवर गेली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि नारळ लाटेत सोडला. मागची दोन वर्षंही तिने हेच केलं होतं. नियम तिला आठवलाही नाही. नारळ देणं म्हणजे समुद्रात काही टाकणं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी दुपारी लॉरीचा फोन आला. “पॅड, असशील तशी ये!”

त्याच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला होता आणि टॉवेलवर तो नारळ होता. शेंडी अर्धी गळलेली, भेगांत पिवळट डाग.

“पूर्वेला सहा किलोमीटरवर सापडला,” लॉरी म्हणाला. “नारळ या किनाऱ्यावर उगवत नाही. आणि बघ, हा कुणीतरी हाताने सोललाय, वर मुद्दाम झुपका ठेवलाय. हा पिवळा रंग बघ. दूर उत्तरेकडच्या बेटांवरच्या लोकांची काही खूण असेल. मी मेलबर्नच्या म्युझियमला लिहितोय. उद्या पेपरवाले येताहेत. तुला काय वाटतं, तुमच्याकडे नारळ असतात ना?”

“असतात,” पद्मा म्हणाली. “व्हेरी इंटरेस्टिंग.”

चहा तसाच ठेवून ती निघाली.

घरी चारुदत्त हसून हसून खोकला. “नारळाला काही पासपोर्ट नसतो. कोण ओळखणारेय?”

“अहो, म्हातारा म्युझियमला पत्र लिहितोय.”

“लिहू दे. तू सांगितलंस तर जॅकेट गेलं, आणि त्याचं हसं होईल ते वेगळंच.”

नुपूर फोनवर म्हणाली, “आई, जस्ट लीव्ह इट. इट्स अ कोकोनट.”

मंगळवारी पेपरात फोटो आला. नारळ छातीशी धरून लॉरी असा हसत होता की त्याचं सगळं म्हातारपण गळून पडलं होतं. पद्माने तो फोटो पाहिला आणि पेपर पालथा घालून ठेवला. या गावात तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं ते या माणसाने, आणि तिने उत्तर खोटं दिलं होतं. उद्या म्युझियमातला कुणी शहाणा म्हणेल, अहो, हा तर बाजारातला नारळ. तेव्हा हे हसरं तोंड कसं दिसेल?

ती कोट घालून निघाली. लॉरी लिफाफ्यावर तिकीट चिकटवत होता.

“लॉरी,” ती म्हणाली. पहिल्यांदाच. “पत्र टाकू नका. नारळ माझा आहे.”

मग सगळं सांगितलं. पौर्णिमा, हळद, डँडेनॉन्ग. नियम मोडल्याचंही. इंग्रजी मध्येच तुटलं तेव्हा तिने मराठीत दोन वाक्यं म्हटली आणि पुन्हा इंग्रजीत आली. तो ऐकत होता. हातातलं तिकीट बोटालाच चिकटून राहिलं होतं.

त्याने तिकीट बोटावरून सोडवून टेबलावर ठेवलं. पद्मा दाराकडे बघत होती.

“किती वाजता?” त्याने विचारलं.

“काय?”

“सोडलास किती वाजता?”

“सव्वासातला. घरी आले तेव्हा रेडिओवर साडेसातच्या बातम्या लागल्या होत्या.”

“भरती?”

“ओहोटी नुकती लागली होती. ओली वाळू वर राहिली होती.”

“तेवढं तुला कळतं?”

“मी रेवदंड्याची आहे.” हे ती जरा तोऱ्यातच म्हणाली आणि लगेच ओशाळली.

लॉरी उठला, वाकत नसलेला पाय ओढत गॅरेजकडे गेला आणि तिला हाताने बोलावलं. आत फळ्यांवर समुद्राने फेकलेल्या, नंबर घातलेल्या वस्तू होत्या. बाटल्या, जाळी तरंगत ठेवायचे काचेचे गोळे, डाव्या पायाचे बूट.

“एकतीस वर्षं,” तो म्हणाला. “कुठे सापडलं ते प्रत्येकाचं माहीत आहे. कुठून आलं ते एकाचंही नाही. आणि आज तू येऊन मला जागा, वेळ आणि भरतीओहोटी सांगतेस. मेट, बेटावरचे नारळ कुणालाही सापडतील. हा पाण्यात पडला तेव्हा तिथे माणूस उभा होता!”

बूट बाजूला सारून पद्मा एका खोक्यावर बसली. दोन दिवस छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलला होता, आणि तो होता किती जड हे आत्ता कळत होतं.

“पण जॅकेट शनिवारी नाही,” लॉरी कडकपणे म्हणाला. तो मास्तर होताच. “नियम म्हणजे नियम. बाकीच्यांना तू स्वतः सांगायचंस. सप्टेंबरात बघू. आणि पुढच्या वर्षी देवाला द्यायचाच असेल तर बंदराच्या बाजूने, देवमासे नसतील तिथे, आणि मला आधी सांगून.”

“सांगीन.”

“नंबर घालू आपण त्याच्यावर. चालतं का तुमच्यात?”

“आमच्यात सगळं चालतं,” पद्मा म्हणाली, आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

त्याने जुनं पत्र फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. तिच्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं.

संध्याकाळी चारुदत्त दारातूनच म्हणाला, “काय, फाशी?”

“महिनाभर जॅकेट नाही. आणि शनिवारी सगळ्यांसमोर कबुली.”

“एवढंच? मग तोंड असं का?”

“कसं?”

“उजळलंय.”

“भूक लागलीय हो,” पद्मा म्हणाली. “रविवारपासून धड जेवले नाहीये मी. कांदा चिरा, पिठलं टाकते.”