बाहीतला हात

पाळणाघरातल्या मावशी मुलांना स्वेटर घालताना आधी बाहीत स्वतःचा हात घालतात, मुलाची मूठ धरतात आणि बाही वर सरकवतात. मुलाचा हात ओढत नाहीत. मला ते फाजील लाड वाटायचे.

त्या दिवशी मी घाईत होतो. पाळणाघराच्या पायरीवर माझ्या मुलीनं बसकण मारली, म्हणून तिला मनगट धरून वर खेचलं. ती कळवळली आणि तिचा हात लुळा पडला.

"निखळला वाटतं. एक हिसका देतो, बसेल," मी म्हणालो.

"हात तर लावून बघा," मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग तुमचाही बसवून घ्यावा लागेल."

हात होता तसाच ठेवून त्यांनी ओढणीची झोळी केली आणि ती मुलीच्या गळ्यात बांधली. "बसवायचं काम डॉक्टरांचं. चला."

डॉक्टरांनी कोपर तपासून मिनिटभरात बसवलं. सोडलेली झोळी परत देताना म्हणाले, "बांधलंय कुणी? जाणकार दिसतंय."

"माझा मुलगा आता तिशीचा आहे," मावशी म्हणाल्या. "त्याला लहानपणी मीच हिसका दिला होता. तो हात अजून पुरता सरळ होत नाही."