उकंडरावांची दक्षिण

दुसरबीडमध्ये दक्षिणेला तोंड करून दार ठेवायची कोणाची छाती नव्हती, आणि दक्षिण नेमकी कुठे हे सांगायचा मान होता उकंडराव गवंड्यांचा. त्यांची रीत साधी. वैशाखात रात्रीची जेवणं उरकली, की रिकाम्या जागेवर तीन बांबूंची तिकटी उभी करून तिच्यातून दोरीला बांधलेला ओळंबा सोडायचा आणि त्यामागे उकिडवं बसायचं. क्षितिजालगत त्रिशंकू नक्षत्राच्या क्रुसासारख्या चार चांदण्या सावकाश उभ्या होतात. वरची आणि खालची, दोन्ही एका दोरीवर आल्या की ती दक्षिण. मग कलेक्टर आला तरी म्हातारा दोरी हलवायचा नाही. खालची चांदणी सगळ्यांत तेजस्वी, म्हणून तिला ते 'मालकीण' म्हणत. बायकोला, जनकाबाईंना, ते कधी मालकीण म्हणाले नाहीत, हेही गावानं हेरून ठेवलं होतं.

१९६४ साली गावात नवी शाळा बांधायची ठरली. एवढं मोठं काम, पण उकंडराव टाळाटाळ करू लागले. कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीपासून त्यांचा डावा डोळा धुरकटला होता. वडिलांचेही असेच आधी एक आणि मग दोन्ही डोळे गेले होते. आता उजवाही गेला तर, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

शेवटी वैशाखातल्या एका रात्री वामनराव गुरुजींनी त्यांना हट्टानं शाळेच्या जागेवर आणलं. सोबत चिखलीहून एसटीनं आणलेली पितळी दुर्बीण होती. ती फुकटात बघायला मिळणार म्हणून जनकाबाईही आल्या. गुरुजींनी दुर्बीण मालकिणीवर रोखली. उकंडरावांनी उजवा डोळा लावला आणि ते झटकन मागे सरकले.

"काय झालं?" गुरुजी घाबरले.

"एकीच्या दोन दिसून राह्यल्या. गेला, हाबी डोळा गेला. दुसरा गवंडी पाहा, गुरुजी."

गुरुजी काही बोलायच्या आत जनकाबाई दुर्बिणीवर वाकल्या. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी डोळा चोळून पुन्हा लावला.

"अवो, दोनच हायेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकीले एक खेटून. कशा थरथरून राह्यल्या!"

"खरंच दोन आहेत," गुरुजी म्हणाले. "नुसत्या डोळ्यांना एक भासते. त्या एकमेकींभोवती फिरतात, आणि एका फेऱ्याला हजार वर्षंही पुरत नाहीत म्हणे."

उकंडराव पुन्हा दुर्बिणीला चिकटले. जिच्या भरवशावर चाळीस वर्षं घरं उभी केली, तिला त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. मग मान वर केली, तर अख्खं आभाळ ठिणग्यांनी भरलेलं. त्यातली एकटी कोणती आणि जोडीची कोणती, कोण सांगणार?

"दोन्ही डोळे धड होते तवा मले ही अर्धीच दिसली," ते म्हणाले. "अन् मी एका डोळ्यापायी भेऊन राह्यलो!"

जनकाबाईंनी चमकून पाहिलं. "कोणत्या डोळ्यापायी?"

"डावा गेला हाये माझा. दिवाळीपासून."

"मले सांगितलं काऊन नाही?"

उकंडरावांनी तिकटी उभी केली, ओळंबा सोडला आणि ते बाजूला सरकले. चाळीस वर्षांत त्या जागी त्यांनी दुसऱ्या कोणाला बसू दिलं नव्हतं.

"बस इथं," ते म्हणाले. "दोरीवर आली का, तू सांग."

जनकाबाई पदर खोचून बसल्या.